धरणे, त्रागा, सत्याग्रह : फरक नेमका कुठे?

बातमीत 'धरणे सत्याग्रह' असं जोडून वाचलं. दोन्ही एकच ना? आणि 'धरणे सुरू आहे' की 'आहेत'?

—

'आहे'. एकवचन, बोलताना धरणं. 'धरणे आहेत' म्हटलं की कोयना-उजनी डोळ्यांसमोर येतात :) (मुळशीत 1921 ला धरणाविरुद्धच सत्याग्रह झाला तो भाग वेगळा.)

पण एकच नाहीत हो. जुनं धरणं म्हणजे ज्याचे पैसे अडकलेत तो उपाशीपोटी समोरच्याच्या दारात बसणार, तो मेला तर पाप त्या घरावर, त्यामुळे आतल्यांनाही घास गिळवत नाही. इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत कलम 508 खाली उदाहरणच दिलंय, देवाचा कोप होईल अशी भीती घालायला दारात धरणं धरून बसणं हा गुन्हा. त्रागा त्याच्याही पुढचा, चारण-भाट (राजांची वंशावळ-कवनं गाणारे) स्वतःला जखमा करून घ्यायचे, आता आपण नुसत्या आदळआपटीला त्रागा म्हणतो. दोन्हीत जोर भीतीचा.

—

आणि सत्याग्रहात समोरच्याचं हृदयपरिवर्तन, असंच ना?

—

शाळेत तसंच शिकवतात, मला अर्धंच पटतं. 21 मे 1930 ला मिठाच्या सत्याग्रहात गुजरातेतल्या धारासण्याला माणसं रांगेने मिठाच्या आगाराकडे चालत गेली, डोक्यात लाठ्या बसल्या तरी वार अडवायलासुद्धा हात वर केला नाही. पोलिसांना काही पाझर फुटला नाही, ते मारतच राहिले. पण वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराने ते लिहिलं आणि जगभर छापलं गेलं, म्हणजे बदलला तो तिसराच, लांबून बघणारा. एकाने जरी दगड उचलला असता तर त्याच वाचणाऱ्याने 'दंगल झाली' म्हणून पान उलटलं असतं. धरण्यात पापाची भीती, इथे बघणाऱ्यासमोर सरकारची अब्रू जाते.

—

मग दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात केलेलं 1932 चं उपोषण कशात बसवणार? गांधीजी स्वतः म्हणायचे की उपास जुलमी माणसाविरुद्ध नाही, आपल्यावर प्रेम असलेल्याविरुद्धच करावा. आणि इथे प्राण गेले तर खापर बाबासाहेबांवर आणि सगळ्या दलित समाजावर फुटणार होतं, 24 सप्टेंबरला त्यांना पुणे करारावर सही करावीच लागली. ही सरळ जबरदस्ती होती हे बाबासाहेबांनी नंतर स्पष्ट लिहिलंय. माझ्या मते हे धरणंच, तेही दुसऱ्याच्या दारात.

—

पूर्ण नाही पटत. त्या आठवड्यात कितीतरी देवळं-विहिरी खुल्या झाल्या, म्हणजे रोख सवर्णांकडेही होताच.

—

किती दिवस खुल्या राहिल्या तेही बघा की. नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून झालेला सत्याग्रह 1930 पासून पाच वर्षं चालला, तिथे कुणाचं हृदय हललं?