मदत हवी आहे: ग्रेडेड इंडेक्स फायबरमधला तिरका किरण सरळ किरणाला गाठतो कसा?

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोमवारी सेमिनार आहे आणि मी एका हिशेबात अडकलेय.

५०/१२५ चा मल्टिमोड फायबर (प्रकाशाला अनेक वाटांनी जाऊ देणारी काचेची तार) घेतलाय. कोअर, म्हणजे आतला गाभा, ५० मायक्रॉनचा, त्याच्या मध्यावर अपवर्तनांक १.४८, क्लॅडिंगचा, म्हणजे भोवतीच्या काचेचा, १ टक्का कमी, म्हणजे १.४६५ च्या आसपास. स्टेप इंडेक्स (कोअरभर अपवर्तनांक एकसारखा) असता तर सगळ्यात तिरका किरण किलोमीटरमागे १० मीटर जास्त चालला असता आणि साधारण ४९ नॅनोसेकंद उशिरा पोचला असता. इथपर्यंत पटलं.

ग्रेडेडमध्ये अपवर्तनांक मध्यापासून कडेकडे अंतराच्या वर्गाने उतरत जातो. सर म्हणतात, कडेला माध्यम विरळ, तिथे प्रकाश जोरात पळतो, म्हणून उशीर भरून निघतो. पण अगदी कडेलासुद्धा वेग १ टक्काच जास्त, आणि किरण तिथे टेकून लगेच परत फिरतो. सरासरी काढली तर फायदा अर्धाच टक्का येतो. मग उरलेले ५ मीटर कुठे गेले? वहीची तीन पानं खोडून झाली. पुस्तकात थेट उत्तर छापलंय, मधल्या पायऱ्या गायब.

प्रतिसाद १
अर्धा टक्का बरोबरच आहे, चूक त्या १० मीटरमध्ये आहे. ते अंतर भिंतीवर आपटत सरळ रेषांत जाणाऱ्या किरणाचं. तुमचा किरण आपटत नाही, वळतो. अक्ष ओलांडताना सगळ्यात तिरका, कडेला पोचतो तेव्हा अक्षाला समांतर. जादा अंतर तिरकेपणाच्या वर्गावर ठरतं आणि साइन वक्रावर त्या वर्गाची सरासरी कमाल किमतीच्या निम्मी येते. म्हणजे जादा चाल ५ मीटरच. झाली फिट्टंफाट.

वर्गच का, हेही सेमिनारला विचारतील. त्यामुळे मध्याकडची ओढ अंतराच्या प्रमाणात राहते, म्हणजे सिंपल हार्मोनिक मोशन. झोका थोडा घ्या की जरा मोठा, फेरीला वेळ तोच. तुमच्या आकड्यांत सगळे किरण दर १.१ मिलिमीटरला एक लाट पुरी करतात. अपवर्तनांक सरळ रेषेत उतरवला तर ओढ सगळीकडे सारखीच राहते आणि हे जमत नाही.

प्रतिसाद २
प्रत्यक्षातला आलेख इतका गुळगुळीत नसतो हं. काचेच्या नळीत आतून थरावर थर चढवतात, दर थराला जर्मेनियम डायऑक्साइड थोडं वाढवत. शेवटी नळी तापवून मिटवताना सगळ्यात आतल्या थरातलं जर्मेनियम उडून जातं. त्यामुळे ऐन मध्यावर, जिथे शिखर हवं तिथेच, बारीक खळगा पडतो.

धागाकर्ती
अरे देवा, तिरकेपणाची सरासरी घ्यायचीच राहिली! मालिकेच्या पुढच्या पदापर्यंत हिशेब नेला तर किलोमीटरमागे पाव नॅनोसेकंद उरतोय. ४९ वरून पाव! आता त्या खळग्याने यात किती भर पडते, ते कसं काढायचं?