गणपतराव देशमुखांचे अकरा विजय आणि सांगोल्याचे पाणी

कोरडवाहू :
शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या दुष्काळी सांगोल्यातून प्रथम विधानसभेवर गेले आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा निवडून आले. मध्ये १९७२ आणि १९९५ असे दोनच पराभव. एस.टी.ने प्रवास करणारा आमदार म्हणून २०२१ मध्ये त्यांच्या निधनानंतर सर्व पक्षांनी त्यांचा गौरव केला, आणि तो खोटा नव्हता. माझा आक्षेप एवढाच आहे की या साधेपणाच्या कौतुकात कामाचा हिशेब मागायचे राहून जाते. सुमारे पन्नास वर्षे एकच माणूस प्रतिनिधी असूनही कृष्णेच्या पाण्यासाठी सांगोल्याला इतकी वाट का पाहावी लागली? सत्तेबाहेर राहण्याची किंमत नेत्याने नव्हे, तालुक्याने मोजली असे मला वाटते.

माणकाठ :
आपण सत्तेची दारे त्यांना बंदच होती असे गृहीत धरले आहे. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ च्या आघाडी सरकारातही ते मंत्री होते. शिवाय शेकापची मंडळी काँग्रेसमध्ये जाण्याची वाट पक्षाचे संस्थापक नेते केशवराव जेधे यांच्या काळापासूनच रुळलेली होती. विरोधकांनाही काँग्रेसमध्ये सामावून घेणाऱ्या यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात जागा मिळवणे गणपतरावांना अवघड नव्हते. ते गेले नाहीत. आणि कापसाचा पट्टा नसलेल्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी करून ती चालवून दाखवणे, हे काम हिशेबात धरायचे की नाही? महाराष्ट्रातल्या इतर सहकारी सूतगिरण्यांपैकी कितींचे काय झाले, ते आठवून पाहावे.

कोरडवाहू :
सूतगिरणी मान्य. पण पाण्याविषयी आपण काहीच लिहिले नाही. कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले आणि कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना देणाऱ्या टेंभू उपसा योजनेचे काम सुरू झाले, तेव्हा राज्यात युतीचे सरकार होते आणि गणपतराव विधानसभेतच नव्हते. हा योगायोग मला बोचतो.

डाळिंबवाला :
योगायोग बोचतो हे ठीक, पण त्यातून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. महामंडळाची घाई मुख्यतः कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले पाणी २००० सालापर्यंत अडवून वापरात आणण्याची होती. एखाद्या तालुक्याचा आमदार कोण आहे यावर ती अवलंबून नव्हती. त्याआधीच, १९९३ पासून, शेजारच्या आटपाडीत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा घेऊ लागले होते. योजना कागदावर येणे आणि शेतात पाणी येणे यांत पुढची अनेक वर्षे गेली, आणि त्या काळात दरवर्षी तोच प्रश्न लावून धरण्याचे कंटाळवाणे काम त्यांनी केले. फळबागांचे मात्र सगळे श्रेय मी त्यांना देणार नाही. रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना १९९० ची आणि सगळ्या राज्याची होती. कमी पाण्यावर डाळिंब जगवले ते शेतकऱ्यांनी, आणि तेल्या रोगाने बागा गेल्या तेव्हा त्या नुकसानीचे धनीही तेच झाले.

कोरडवाहू :
लवादाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे मान्य करतो. तरीही एक शंका उरतेच. इतका प्रदीर्घ काळ एकच व्यक्ती राहिल्याने तालुक्यात दुसरी फळी तयार झाली नाही. २०१९ मध्ये त्यांनी माघार घेतली तेव्हा उमेदवारी गेली ती नातवाकडे. घराणेशाहीविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाला हे शोभते का?

माणकाठ :
शोभत नाही; यावर मी वाद घालणार नाही. मात्र सांगोल्याचा मतदार डोळे मिटून मत देत होता असे कुणी म्हणू नये. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटलांनी खुद्द गणपतरावांना १९२ मतांनी हरवले होते, आणि २०१९ मध्ये त्याच शहाजीबापूंनी त्यांच्या नातवाला ७६८ मतांनी हरवले.