मदत हवी आहे : चॅटवर "हो, करते" म्हटलेली कामं कुठे नोंदवता? (डेव्हलपर मंडळींसाठी)

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते. नुसतं "चांगलं टूडू ॲप सुचवा" असं विचारलं तर वीस नावं येतील आणि मी पुन्हा आहे तिथेच राहीन.

मी बॅकएंड डेव्हलपर, नऊ वर्षं झाली. राहायला मानपाड्याला, ऑफिस ऐरोलीत. जानेवारीपासून चार जणांच्या टीमची लीड आहे. म्हणजे कोड लिहायचं काम होतं तेवढंच आहे, वर इतरांचे रिव्ह्यू (त्यांनी लिहिलेला कोड तपासणं), क्लायंटचे कॉल, क्यूएच्या (टेस्टिंग करणाऱ्यांच्या) शंका आणि नव्या मुलाला शिकवणं आलं.

घडलं ते असं. गेल्या महिन्यात एका गुरुवारी संध्याकाळी ऐरोली स्टेशनात ठाण्याच्या गाडीची वाट बघत होते. क्यूएमधल्या मुलीचा मेसेज आला, "टेस्ट सर्व्हरचं सर्टिफिकेट सोमवारी एक्स्पायर होतंय, बघशील का?" (सर्टिफिकेट म्हणजे साइट सुरक्षित असल्याचा ब्राउझरला दिसणारा, ठरावीक मुदतीचा दाखला.) एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी "हो, करते" लिहिलं. तेवढ्यात गाडी लागली. दिघ्याला आणखी गर्दी आत आली, ठाण्याला उतरून मानपाड्याच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहीपर्यंत त्या मेसेजवर आणखी तीसेक मेसेज साचले होते. शुक्रवार दुसऱ्याच एका बगमध्ये गेला.

मंगळवारी सकाळी क्लायंटचा डेमो. स्क्रीन शेअर केली आणि ब्राउझरने पानभर इशारा दाखवला की ही साइट सुरक्षित नाही. सर्टिफिकेट बदलायला दहा मिनिटं लागली, तेवढा वेळ समोरचे सहा जण गप्प बसून होते. मला कोणी बोललं नाही. पण नंतर ती मुलगी म्हणाली, "मीच परत आठवण करायला हवी होती." हे मला फार लागलं. तिने वेळेत सांगितलं होतं, मी हो म्हटलं होतं. आठवण ठेवणं माझं काम होतं, तिचं नाही.

त्या रात्री बसून मोजलं, माझ्या नावावर नक्की किती कामं पडून आहेत. जिरावर (ऑफिसची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर, तिथल्या एका नोंदीला टिकट म्हणतात) ७. माझ्या रिव्ह्यूसाठी थांबलेले पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे मुख्य कोडमध्ये घालण्याआधी तपासायला दिलेले बदल) ५. मेलमध्ये तारा लावून ठेवलेल्या १४. वहीत ९. आणि चॅट मागे मागे सरकवत गेले तेव्हा सापडलेली, "बघते", "करते", "उद्या सांगते" म्हणून सोडलेली ६. एकूण ४१. जिरावरचं एकही काम आजवर माझ्याकडून विसरलं गेलेलं नाही. जे कधी टिकट झालंच नाही, तेच विसरलं जातं.

आजवर काय काय करून पाहिलं तेही सांगते. ट्रेलोवर (कामांची कार्डं रकान्यांतून सरकवायचं ॲप) स्वतःचा बोर्ड केला होता. दोन आठवडे छान चाललं, मग तेच काम जिरावरही आणि ट्रेलोवरही, दोन्हीकडे कार्ड सरकवायचं. तिसऱ्या आठवड्यात ट्रेलो शिळा झाला आणि शिळ्या बोर्डवर विश्वास राहत नाही. पोमोडोरो, म्हणजे २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती, टेस्ट लिहिताना मला खरोखर उपयोगी पडतं. पण आता अकरा ते चार कॉल असतात, आणि कुठलं काम आधी घ्यायचं हे काही टायमर सांगत नाही. सगळ्यात जास्त टिकली ती वही. मराठीत लिहिते, पान समोर असतं. फक्त गाडीत उभ्याने लिहिता येत नाही आणि लिंक चिकटवता येत नाही.

अडचणी : ऑफिसच्या लॅपटॉपवर परवानगीशिवाय काही इन्स्टॉल करता येत नाही. क्लायंटचं नाव किंवा माहिती बाहेरच्या कुठल्याही ॲपवर टाकायची नाही. हा नियम मला पटतो, त्यातून पळवाट नको आहे. लॅपटॉपवर गिट (फाइलमधले बदल नोंदवून ठेवणारं), व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) आणि ब्राउझर आहे. फोनवर फक्त ऑफिसची चॅट आणि मेल.

तर विचारायचं आहे ते हे : चालता चालता, एका हाताने, "हो" म्हटल्या क्षणी ते काम तुम्ही कुठे ठेवता? आणि जिरा व स्वतःची यादी यांच्यात तीच नोंद दोनदा करणं कसं टाळता?

घणसोलीकर :
ताई, साधी टेक्स्ट फाइल. मी सहा वर्षं हेच करतोय. टूडू डॉट टीएक्सटी नावाची पद्धत आहे, जीना ट्रापानी यांनी २००६ मध्ये सुरू केली. एका ओळीत एक काम. महत्त्वाचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला कंसात अक्षर, प्रोजेक्टच्या आधी अधिकचं चिन्ह, आणि ते कुठे किंवा कोणाबरोबर करायचंय त्याच्या आधी @. झालं की ओळीच्या सुरुवातीला एक्स. व्हीएस कोडमध्ये उघडते, शोधता येते, मराठीत लिहिता येते, इन्स्टॉल काही करावं लागत नाही. लॅपटॉपवरच गिट रेपो (गिटचं फोल्डर) करून ठेवा, रोज संध्याकाळी कमिट करायचं, म्हणजे त्या दिवसाची नोंद ठेवायची. महिन्याने डिफ, म्हणजे दोन नोंदींमधला फरक, बघितला की कुठलं काम किती दिवस नुसतं पडून राहिलं ते दिसतं, ते बघण्यासारखं असतं.

जिराची टिकटं या फाइलमध्ये अजिबात उतरवू नका. तिकडे एक फिल्टर सेव्ह करा : असायनी मी, स्टेटस डन नाही, म्हणजे माझ्या नावावरची न संपलेली टिकटं. तो टॅब सकाळी उघडायचा. फाइलमध्ये फक्त ती कामं, ज्यांना टिकट नाही.

वाशीहून एक लीड :
तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर : मेसेज परत अनरीड करून ठेवते. बोट दाबून धरलं की पर्याय येतो, बहुतेक चॅटमध्ये आहे. ऑफिसची चॅट स्लॅकवर असेल तर तिथे मेसेज नंतरसाठी सेव्ह करता येतो आणि त्याच मेसेजची आठवण वेळ लावून मागता येते. मेसेज ऑफिसच्याच चॅटमध्ये राहतो, त्यामुळे तुमचा नियमही मोडत नाही. घरी पोचल्यावर किंवा सकाळी लॅपटॉप उघडल्यावर पहिली पाच मिनिटं फक्त अनरीड. प्रत्येकाचं टिकट तरी करायचं, फाइलमध्ये तरी लिहायचं, नाहीतर जागच्या जागी उत्तर देऊन संपवायचं.

आणि एक अनुभव सांगते. मी "हो, करते" लिहिणं बंद केलं. "कधीपर्यंत हवंय?" एवढंच विचारते. निम्म्या वेळा समोरून "घाई नाही, टिकट टाकते" असं येतं. उरलेल्या वेळा तारीख मिळते, आणि तारीख मिळाली की कॅलेंडरमध्ये टाकता येतं.

रबाळे एमआयडीसी :
मी सॉफ्टवेअरचा नाही, कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. तरी लिहितो, कारण तुमचे हे बोर्ड आमच्याकडून गेलेत. कानबान, म्हणजे कार्डांवर काम चालवायचं तंत्र, टोयोटात ताइची ओनो यांनी उभं केलं. तिथे कार्ड म्हणजे पुढच्या माणसाने केलेली मागणी. कार्ड परत आलं तरच नवा माल करायचा, कार्ड नसेल तर मशीन थांबवायचं. तुम्ही लोक तीन रकाने घेता आणि एका वेळी किती कामं हातात घ्यायची ती मर्यादा मागे सोडता. रकाने कोणीही आखतो हो, काम होतं ते मर्यादेने.

तुम्ही दिलेल्या आकड्यावर एक हिशेब करा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं साधं सूत्र आहे : हातातली सरासरी कामं = कामं संपण्याचा वेग × एका कामाला लागणारा सरासरी काळ. तुमच्याकडे ४१ आहेत. आठवड्याला समजा १० संपतात. म्हणजे आज आलेलं काम सरासरीने चार आठवड्यांनी हातावेगळं होणार. मधली घाईची कामं पुढे काढलीत की मागची आणखी मागे. हे गणित ॲप बदलून बदलत नाही. एकतर वेग वाढवा, नाहीतर ४१ चा आकडा खाली आणा. वेग एका दिवसात वाढत नसतो. आकडा आज रात्री कमी करता येतो.

घणसोलीकर :
+१. जिराच्या बोर्डवरही रकान्याला कमाल मर्यादा लावता येते. ओलांडली की रकाना लाल होतो. आमच्या टीमने "इन प्रोग्रेस" ला माणशी दोन अशी लावली आहे.

कळव्याचा डेवऑप्सवाला :
बाकी सगळं बरोबर आहे, पण सर्टिफिकेट कुठल्याही माणसाच्या यादीत असूच नये. ज्या कामाची तारीख आधीपासून माहीत आहे आणि पायऱ्या दर वेळी त्याच आहेत, ते मशीनचं काम. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं साधं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं आणि सर्टबॉट हा प्रोग्राम मुदत संपायच्या आधीच आपोआप नवं आणतो. ऑफिसची स्वतःची सीए (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) असेल तर निदान ३० आणि ७ दिवस आधी ग्रुपवर सूचना टाकणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनला (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्याला) लावा. सूचना एकट्याला नको, ग्रुपवर हवी.

पुढे तर हे हाताने झेपणारही नाही. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत कमी करायचं सीए-ब्राउझर फोरमने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंचाने) एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं : १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. "करते" म्हणून लक्षात ठेवायची ही गोष्टच उरणार नाही.

धागाकर्ती, दोन आठवड्यांनी :
सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगते.

रबाळ्याच्या दादांचा हिशेब वाचून त्याच रात्री ४१ ची यादी परत काढली. ९ कामं अशी निघाली की ज्यांची आता कोणालाच गरज नव्हती. मागणाऱ्यांना एकेकाला विचारून खात्री केली आणि काढून टाकली. ५ कामं टीममध्ये वाटली, त्यातली दोन नव्या मुलाने मागून घेतली. दोन आठवड्यांत २० संपवली, १६ नवी आली. आज २३ आहेत. वेग होता तेवढाच आहे, आठवड्याला १०. तरी आता कोणी विचारलं की "दोन-तीन आठवड्यांत होईल" असं सांगताना छातीत धडधडत नाही.

टेक्स्ट फाइल सुरू केली, गिटमध्ये. जिराचं काहीही त्यात उतरवत नाही, ही एक सूचना माझ्यासाठी सगळ्यात मोलाची ठरली. ट्रेलो कशामुळे शिळा झाला ते आता कळलं. गाडीत मेसेज अनरीड करून ठेवते. दोनदा असं झालं की चुकून उघडला आणि खूण गेली, म्हणून आता सकाळी चॅट एक दिवस मागे सरकवून बघते. वही सोडली नाही. सकाळी स्टँडअपआधी (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगआधी) फाइलमधली तीन कामं वहीच्या पानावर उतरवते, दिवसभर तेच पान समोर असतं. नोंद दोनदा होते खरी, पण तीनच ओळींची, आणि हाताने लिहिलं की ते काम डोक्यात बसतं.

सर्टिफिकेटची स्क्रिप्ट क्यूएमधल्या त्या मुलीबरोबर बसून लिहिली. सूचना ग्रुपवर येते. पहिली आली तेव्हा आमच्या दोघींच्या आधी टीममधली दुसरीच मुलगी टिकट काढून मोकळीही झाली होती.

"कधीपर्यंत हवंय?" विचारायला पहिले तीन दिवस जड गेलं. समोरच्याला वाटेल, ही टाळते आहे. तसं कोणाला वाटल्याचं दिसलं नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, ती म्हणजे रिव्ह्यू. पाचाचे चार झाले, एवढंच. मध्ये मध्ये बघायला गेले तर माझी कोड लिहायची तंद्री तुटते, संध्याकाळवर ढकलले तर डोकं थकलेलं असतं आणि नजरेतून चुका सुटतात. नव्या मुलाचं पुढचं काम माझ्या रिव्ह्यूवर अडतं, तो बिचारा विचारतही नाही. रिव्ह्यूला रोजची ठरलेली वेळ देणारं इथे कोणी असेल तर सांगा, सकाळी स्टँडअपआधी बसता की जेवणानंतर? आणि पाचशे ओळींचा पीआर आला तर परत पाठवून तुकडे करायला सांगता का? नव्या मुलाचा एक पीआर कालपासून उघडा आहे, तो आता बघायला घेते.