स्वीडनमधलं एल्महुल्ट: गावात राहायचं, खेड्यात राहायचं का माल्मोहून अपडाउन?

बर्डीची_लेक
नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे, सांभाळून घ्या. नवऱ्याला स्वीडनची ऑफर आली, आम्ही स्टॉकहोम समजून अर्ध्या नागपूरला सांगूनही टाकलं आणि मग लेटर नीट वाचलं तर गावाचं नाव एल्महुल्ट. नकाशावर पाहिलं तर चारी बाजूंनी हिरवं, मधेमधे तलाव आणि उभी एक रेल्वेलाइन, बस्स. सासूबाई म्हणून राहिल्या, खेड्यातच जायचं होतं तर उमरेडचं शेत काय वाईट होतं. मुलगा चार वर्षांचा आहे, माझी अकाउंट्सची दहा वर्षांची नोकरी सुटणार, गाडी मी चालवते पण बर्फात कोणी चालवली आहे बापा. प्रश्न एवढाच की एल्महुल्टमध्येच घर घ्यावं, का दिओ, लिआतोर्प अशी बाजूची लहान गावं दिसतात तिकडे, का सरळ माल्मो शहरात राहावं आणि यानं ट्रेननं जावं-यावं? तिकडे राहिलेलं कोणी असेल तर खरं खरं सांगा.

लाकडी_माणूस
ताई, सहा वर्षं झाली इथे, मूळचा प्रतापनगरचा. पहिले एक सांगतो, आपल्यासारखं शहराची मनपा वेगळी आणि खेड्याची ग्रामपंचायत वेगळी असं इथे नाही. सगळ्या देशाचे २९० तुकडे, त्याला कोम्मुन म्हणतात, गाव-खेडी-जंगल-तलाव सगळं त्याच्यातच. एल्महुल्ट कोम्मुनमध्ये १७-१८ हजार लोक आणि जागा जवळपास ९०० चौरस किलोमीटर, म्हणजे नागपूर मनपाच्या चौपट जागेत आपल्या एका प्रभागापेक्षाही कमी माणसं. त्यातली निम्म्याहून जास्त एल्महुल्ट गावातच.

पण हे गाव साधं नाही. आयकिया या फर्निचर कंपनीचं पहिलं दुकान १९५८ मध्ये इथेच उघडलं. इंग्वार काम्प्रादनं १९४३ मध्ये कंपनी काढली तेव्हा पोरगा १७ वर्षांचा होता, इंग्रजी नावातली पहिली दोन अक्षरं त्याची आणि पुढची दोन, ई म्हणजे त्याच्या घरचं शेत एल्मतारुद आणि ए म्हणजे अगुन्नारुद, ते गाव बाजूच्या कोम्मुनमध्ये येते. जुन्या दुकानाच्या इमारतीत २०१६ पासून म्युझियम आहे. जगभर जे फर्निचर विकलं जाते त्याची डिझाइनं अजून इथेच ठरतात, म्हणून या एवढ्याशा गावात ढीगभर देशांचे लोक आहेत आणि आपले इंडियन तर सुपरमार्केटात रोज दिसतात. तुम्ही लिआतोर्प लिहिलं ना, त्या नावाची कपाटं आणि शोकेसची सिरीज पण आहे, मी आधी कपाट पाह्यलं होतं, गाव नंतर.

पोराचं टेन्शन नका घेऊ. फोरस्कूला म्हणजे बालवाडी कोम्मुनच्या हातात असते, अर्ज केल्यावर चार महिन्यांत जागा द्यावीच लागते, कायदाच आहे. इंग्रजीतून शिकवणारी कोम्मुनची आंतरराष्ट्रीय शाळा पण आहे.

माल्मोचं म्हणाल तर मी ते केलं आणि पस्तावलो. पहिल्या हिवाळ्यात अपडाउन करायचो, एकीकडून तासाच्या वर, आणि जानेवारीत एका रात्री गाडी मधल्याच स्टेशनात दोन तास उभी राहिली, घरी पोचलो तर पोरगी झोपलेली. त्या आठवड्यात तिला जागं पाहिलं ते फक्त शनिवारी. एल्महुल्टमध्येच घ्या घर.

काटोल_रोडचा_काका
मी काही तिकडे गेलो नाही, पासपोर्टही कोरा आहे, पण जिल्हा परिषदेत ३१ वर्षं काढली म्हणून विचारतो. सरपंच कोण मग तिथे? आणि पैसा कुठून येते, वरून ग्रँट का? आमच्याकडे तर निधी येतो तोपर्यंत मार्च संपते.

लिंगोन_लोणचं
काका, बरोबर जागी बोट ठेवलं तुम्ही. सरपंच नाही. दर चार वर्षांनी सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी मतदान, देशाचं, रेजिओनचं आणि कोम्मुनचं एकाच दिवशी, रेजिओन म्हणजे जिल्ह्यासारखं, दवाखाने त्याच्याकडे. कोम्मुनकडे शाळा, म्हाताऱ्यांची सेवा, पाणी, कचरा, रस्ते. आणि पैसा मुख्यतः लोकांच्या इन्कम टॅक्समधून येते, टॅक्सचा दर कोम्मुन स्वतःच ठरवते, रेजिओनचा धरून देशाची सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच इथे शेजारचा म्हातारा कोम्मुनच्या खर्चावर असा भांडते की जसा काही त्याच्या खिशातून गेला, आणि गेलेलाच असते ना. बर्डीच्या ताई, तुम्ही तीन वर्षं सलग इथे रजिस्टर राहिल्या की नागरिकत्व नसलं तरी कोम्मुन आणि रेजिओनला मत देता येते. मी २०२२ मध्ये दिलं.

आता लाकडी दादांचं मला पटत नाही. मी पण दोन वर्षं एल्महुल्टमध्येच होते. डबा पार्ट्या, गणपती, सगळं छान, पण स्वीडिश शून्य, कारण गरजच पडायची नाही. मग आम्ही बाहेरच्या लहान गावात जुनं लाल लाकडी घर घेतलं. दुकान नाही, रविवारी बस जवळपास नाहीच, आपलं लायसन्स रजिस्टर झाल्यापासून एकच वर्ष चालते, पुढे इथली टेस्ट द्या. डिसेंबरात सूर्य साडेआठला येते आणि साडेतीनला जाते. पहिल्या महिन्यात रडली मी, खोटं नाही सांगत.

मग एक दिवस शेजारच्या ८० वर्षांच्या आजी दारात आल्या, गावच्या हेम्बुग्दच्या म्हणजे जुनी घरं-वस्तू जपणाऱ्या मंडळाच्या कार्यक्रमाला चल म्हणाल्या. तिथे ओस्तकाका खाल्ला. दूध फाडून, अंडी-बदाम घालून भट्टीत भाजतात, कोमट असताना वरून जॅम आणि क्रीम. चमचा तोंडात गेला आणि मला खरवस आठवला, आईचा, जायफळवाला, डोळ्यात पाणीच. मी कडेनं काढायला गेली तर आजींनी हात धरला, मधूनच घ्यायचं म्हणे, स्मोलांडात, म्हणजे आपल्या या प्रांतात, तसंच. माझी स्वीडिश खरी तिथून सुरू झाली. कोम्मुनचे परदेशी लोकांसाठीचे स्वीडिशचे वर्ग फुकट आहेत, पण तिथे पुस्तकात क्रोसा शब्द नाही. क्रोसा म्हणजे लिंगोन, आंबट लाल बोरं, इथल्या बोलीतलं नाव, इकडच्या लोकल गाड्यांचं नावही तेच. ऑगस्ट-सप्टेंबरात जंगलात कोणीही तोडू शकते, कायद्यानंच हक्क आहे, फक्त कोणाच्या घराच्या अंगणाजवळ जायचं नाही. मी त्याचं लोणचं घालते मोहरी-मेथी घालून, आजी आता बरणी मागायला येतात.

घरामागे दगडांची बुटकी भिंत आहे, अख्ख्या स्मोलांडात दिसतात. शेतातले दगड वेचून वेचून रचलेल्या. एवढ्या दगडात काय पिकणार, म्हणून १८५० ते १९३० मध्ये देशातून जवळपास १३ लाख लोक अमेरिकेला गेले त्यात इकडचे खूप. आणि आता इथेच आपण बाहेरून येऊन राहिलो.

लाकडी_माणूस
लोणच्याची बरणी आम्हालाही पाठवा की. बरं मान्य, पण पहिल्या वर्षी लहान पोर घेऊन बिनदुकानाच्या गावात नको, एवढं माझं ठाम आहे. आणि मेमध्ये रोसहुल्टला नक्की जा, याच कोम्मुनमध्ये कार्ल लिनियस जन्मला १७०७ मध्ये, झाडांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देणारा. आपल्या पिंपळाचं आणि वडाचं शास्त्रीय नाव त्यानंच ठेवलं. तिथलं शेत अजून जुन्या पद्धतीनं कसतात.

बर्डीची_लेक
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सासूबाईंना पिंपळाचं वाचून दाखवलं तर म्हणाल्या, मग तो भला माणूस असणार. ठरलं, पहिलं वर्ष एल्महुल्टमध्ये, लायसन्स निघालं की लहान गावाचं पाहू. लिंगोनताई, मेथी तिकडे मिळते का बॅगेत कोंबू? २३ किलोत लेकाचे जॅकेटच १२ किलोचे होऊन राहिले.

लिंगोन_लोणचं
मेथी मिळते. गोडा मसाला आणा, आणि तर्रीचा मसाला दुप्पट.