शार्क्सनी मिसाला घेतला, पोरगा खरंच सेंटर आहे का?

टीलवाली_ताई

शुक्रवारी लॅपटॉप लवकर बंद करून 2025 चा एनएचएल ड्राफ्ट (आइस हॉकीच्या टीम नवीन पोरं निवडतात तो) बघायला बसलो, घरी वडापावचा घाट घातलेला, कारण माझा मुलगा (वय 11) गेली दोन वर्षं गणितापेक्षा जास्त हेच करतोय. मागच्या वर्षी आपल्या सॅन होजे शार्क्सचा पहिला नंबर लागला आणि सेलेब्रिनी आला, 70 मॅचमध्ये 63 पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून), सोनं मिळालं म्हणा ना. यंदा परत तळाला, 82 मधल्या फक्त 20 जिंकलो, ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पहिल्या नंबरची शक्यता सगळ्यात जास्त आपलीच होती, 25.5 टक्के, आणि 3.5 टक्केवाले आयलंडर्स दहाव्या जागेवरून उडी मारून गेले वर आणि मॅथ्यू शेफरला घेऊन बसले. डिफेन्समन हवा होता हो आपल्याला, गोल किती खातो ते टँकमध्ये (आपल्या स्टेडियममध्ये) बसून बघितलंय मी!

तर आता दुसऱ्या नंबरवर मायकेल मिसा. सॅगिनॉ ह्या ज्युनियर टीमकडून 65 मॅचमध्ये 62 गोल, 134 पॉइंट. आकडे वाचून डोळे फिरतात, पण मला ज्युनियर हॉकीतलं शष्प कळत नाही. ह्या आकड्यांना खरी किंमत किती? हा सेंटरच (मधला फॉरवर्ड) राहणार की विंगवर (कडेला) जाणार? आणि ह्याच सीझनला (2025-26) खेळवणार की परत ज्युनियरला पाठवणार? घरात त्याचं नाव ऑलरेडी "मिसळ" पडलंय, त्यामुळे जरा लवकर सांगा.

मिसिसागाचा_मन्या

ताई, मी इकडचाच, टोरांटो मेपल लीफ्सवाला, त्यामुळे तुमच्या टीमबद्दल मला काडीचं प्रेम नाही, पण ह्या पोराला मी सॅगिनॉ ब्रॅम्प्टनला आली की बघायला जायचो. तिकीट स्वस्त, पार्किंग सोपं, आणि आपल्या एरियातलाच पोरगा. ह्याचा मोठा भाऊ ल्यूक पण मागच्या वर्षी कॅल्गरीने घेतला, पण तो पाचव्या राउंडला.

पहिली गोष्ट, नुसते गोल बघू नका, 134 मधले 72 असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) आहेत. तो पक (हॉकीची चकती) घेऊन मधल्या झोनमधून येतो ना तेव्हा वेग कमी न करता पास देतो, बाकीची पोरं पास द्यायच्या आधी अर्धा सेकंद थांबतात आणि तेवढ्यात समोरचा येतो अंगावर. ह्याचं तसं होत नाही. आणि मागे येऊन मेहनत करतो, पक हिसकावून घेतो, फक्त पुढे उभं राहून पॉवर प्लेवर (समोरचा एक कमी असताना) पोट भरणाऱ्यातला नाही.

दुसरं म्हणजे 2022 मध्ये ह्याला 15 व्या वर्षी ओएचएलमध्ये (ऑन्टॅरिओची ज्युनियर लीग) खेळायची स्पेशल परवानगी मिळाली होती आणि सॅगिनॉने पहिल्याच नंबरला उचलला. ऑन्टॅरिओत ती ह्याच्याआधी फक्त पाच जणांना मिळालेली, टव्हारेस, एकब्लॅड, मॅकडेव्हिड, शॉन डे आणि शेन राइट. पहिले दोन सीझन त्याला जास्त करून विंगवरच ठेवला होता, 2023-24 ला 75 पॉइंट केले. मग कॅप्टन केला, सेंटरला आणला, आणि तिथून डायरेक्ट 134. म्हणून मला विचाराल तर सेंटरच. विंगवर टाकलात तर गाडी घेऊन दुसऱ्या गिअरमध्येच चालवल्यासारखं होईल.

घाटकोपरचा_गोली

पार्टी बिघडवायला आलोय, सॉरी. स्पेशल परवानगीवाल्यांची लिस्ट अर्धीच वाचता तुम्ही लोक. त्यातला शॉन डे तिसऱ्या राउंडला गेला, 81 वा. हॅरिस शील्डमध्ये धावांचा डोंगर उभा करणारे सगळेच पुढे सचिन होत नाहीत.

आणि 134 बद्दल. 2014-15 ला डिलन स्ट्रोमने ह्याच लीगमध्ये 129 केले होते, त्या सीझनचा टॉप स्कोअरर, ॲरिझोनाने तिसऱ्या नंबरवर घेतला, आणि पुढची काही वर्षं लोक विचारत होते की कुठाय तो. ॲरिझोनाने सोडला, मग शिकागो, आणि शेवटी वॉशिंग्टनला येऊन 2024-25 ला 82 पॉइंट केले. म्हणजे वाया नाही गेला पण दहा वर्षं लागली!! स्ट्रोमच्या त्या 2014-15 लाच मॅकडेव्हिडचे 120 होते, पण फक्त 47 मॅचमध्ये. फरक समजून घ्या. शिवाय मिसाच्या मागे डिफेन्सला झेन पारेख होता, डिफेन्समन असून 107 पॉइंट (आडनाव बघून मी पण उडालो होतो, असो). अशा टीममध्ये पॉइंट मिळतातच.

मिसिसागाचा_मन्या

@गोली स्ट्रोमचा प्रॉब्लेम स्केटिंग होता रे, ते तेव्हाच सगळे बोलत होते. मिसाचं स्केटिंग हीच त्याची ताकद आहे. तुलना करायची तर जरा सारखी माणसं घे. पारेखचा मुद्दा मान्य, पण पारेख 2023-24 ला पण तिथेच होता की, मग तेव्हा 75 च का झाले? आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही अजून, 2024-25 सीझनच्या मध्यात सॅगिनॉला इगोर चेर्निशोव्ह आला, शार्क्सनीच 2024 ला 33 व्या नंबरवर घेतलेला, तो मिसाच्या लाइनवर (एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) खेळला आणि 23 मॅचमध्ये 55 पॉइंट. म्हणजे तुमची अर्धी लाइन आधीच तयार होऊन येतीये ताई.

काउ_पॅलेस_काका

मंडळी, आमच्या पिढीला मिसा म्हटलं की आणीबाणी आठवते, आमचे शेजारी मिसा कायद्याखाली आत होते. आणीबाणीला 50 वर्षं झाली त्याच आठवड्यात आमच्या टीमने मिसा आणला, नियतीला पण विनोद कळतो.

मी शार्क्स डेली सिटीच्या काउ पॅलेसमध्ये खेळायचे तेव्हापासून बघतोय, 1992-93 ला 84 पैकी 71 हरलो होतो, तेव्हा हल्लीच्या पोरांनी 50 (ओव्हरटाइम-शूटआउटमधल्या 12 सोडून) हरल्याचं रडगाणं माझ्यासमोर गाऊ नये. मुद्दा असा की दुसऱ्या नंबरचा पिक आपल्याला काही नवा नाही. 1991 ला टीमचा अगदी पहिला पिक, पॅट फॅलून. पहिल्या सीझनला 25 गोल, 59 पॉइंट, आम्ही नाचलो, आणि नंतर तेवढे पॉइंट परत कधीच केले नाहीत. त्याच्या पाठोपाठ तिसऱ्या नंबरवर कोण गेला माहितीये? स्कॉट नीडरमायर. ते अजून दुखतं. मग 1996 ला आंद्रे झ्युझिन, डिफेन्समन, त्याचं पण विशेष काही झालं नाही. आणि 1997 ला पॅट्रिक मार्लो, 1,779 मॅच, गॉर्डी हाऊचा रेकॉर्ड मोडला. तीनमधला एक लागला, पण लागला तो असा लागला.

मार्लो 18 व्या वर्षीच खेळला, पहिल्या सीझनला 32 पॉइंट, फार काही नाही. पण म्हणून सगळ्यांना 18 ला उतरवावं असं नाही. मॅनी मल्होत्रा आठवतो का, वडील भारतीय, 2009-10 ला आपल्याकडे होता? 1998 ला रेंजर्सनी सातव्या नंबरवर घेतला आणि लगेच 73 मॅच खेळवल्या, जास्त करून चौथ्या लाइनवर, 16 पॉइंट. फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू करतात ते) आणि डिफेन्सवर लांब करिअर केलं त्याने, मान आहे, पण त्या वयात रोज 20 मिनिटं खेळायला मिळाली असती तर कोण बनला असता असं मला अजून वाटतं. मिसाला ठेवायचा तर दुसऱ्या लाइनचा सेंटर म्हणून ठेवा. आठ मिनिटं बेंच गरम करायला ठेवणार असाल तर सॅगिनॉ बरं.

नियमावली

थोडक्यात, कारण दरवर्षी हाच गोंधळ. मिसा ड्राफ्टला 18 चा (जन्म फेब्रुवारी 2007), त्यामुळे सॅन होजेचीच एएचएल (एनएचएलच्या खालची लीग) टीम बाराकुडा, तिथे त्याला 2025-26 च्या सीझनला पाठवता येत नाही, कॅनेडियन ज्युनियर लीगशी करार आहे. वर एनएचएलमध्ये ठेवा नाहीतर सॅगिनॉला पाठवा. नऊ मॅचपर्यंत खेळवून पाठवला तर तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट एक वर्ष पुढे सरकतं, दहावी खेळला की वर्ष मोजलं. तिसरा रस्ता 2025 ला नवीन उघडलाय, अमेरिकन कॉलेज, ऑगस्ट 2025 पासून ज्युनियरवाल्यांना पण तिथे खेळता येतं.

घाटकोपरचा_गोली

हे बरोबर. ज्युनियरमध्ये परत जाऊन काय करणार तो, 160? शिकणार काय त्यातून. आणि 2024 ला मेमोरियल कप (ज्युनियरचा सगळ्यात मोठा कप) पण जिंकून झालाय, फायनलला ऑन्टॅरिओतल्या लंडनला 4-3 हरवलं, ज्या लंडनमध्ये तुमचाच सॅम डिकिन्सन होता. तिथे सिद्ध करायचं काही राहिलेलं नाही, एवढं मी पण मान्य करतो. माझी शंका एवढीच की वर सेंटरला टिकेल का. तुमचा विल स्मिथ पण सेंटरच होता कॉलेजात, कोच वॉरसॉफ्स्कीने विंगवर सरकवला आणि तिथेच तो खुलला, 45 पॉइंट.

मिसिसागाचा_मन्या

अरे म्हणूनच तर सेंटरची जागा रिकामी आहे ना! एक सेलेब्रिनी, दोन मिसा, स्मिथ विंगवर. आमच्या लीफ्सना असे दोन सेंटर 20 च्या आत मिळाले असते तर आम्ही युनियन स्टेशनपासून ढोल-ताशा काढला असता.

टीलवाली_ताई

सगळ्यांचे आभार, काका तुमचं तर प्रिंट काढून फ्रिजवर लावते. मुलाला वाचून दाखवलं, तो म्हणतोय फॅलून कोण मला माहीत नाही आणि गोलीदादाला सांग की चेर्निशोव्ह-मिसळ-स्मिथ ही लाइन त्याने व्हिडिओ गेममध्ये आधीच लावली आहे आणि कप जिंकलाय. शेफरचं दुःख थोडं कमी झालंय, परवा ऑर्लोव्हला साइन केलं ना डिफेन्सला, तेवढंच. दहावी मॅच टँकमध्ये असेल तर आम्ही जाणारच. काका येणार असाल तर सांगा, डिरिडॉन स्टेशनवर भेटू, मिसळ माझ्याकडून.

काउ_पॅलेस_काका

येतो. पण फरसाण वेगळं बांधून आणा, नाहीतर ट्रेनमध्येच मऊ पडतं.