मदत हवी आहे: आर्किटेक्चर पोर्टफोलिओ, कॉलेजची कामं ठेवू की ऑफिसची? (रविवारपर्यंत)

तिरपी_रेघ
नमस्कार. थेट विचारते. पोर्टफोलिओ अडकलाय. कॉलेजचे पाच प्रोजेक्ट आहेत, शिवाय ऑफिसची दोन वर्षांची कामं. सगळं एका फाइलमध्ये बसवता बसवता तीन रात्री गेल्या. फाइल ११८ एमबीची झालीय, आणि कंप्रेस केली की रेघा फुटतात. कॉलेजचं काढून टाकू का? आधीचं ऑफिस म्हणतं, आमची ड्रॉइंग्ज बाहेर दाखवायची नाहीत. मग दाखवू काय? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी सांगा. प्लीज लवकर.

मोजपट्टी
कुठे पाठवायचाय? नोकरीला की मास्टर्सला? पानांची मर्यादा आहे का? एमबीची? कुठला रविवार? फाइल कशात बनवलीय? एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

जुना_ओटा
मी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, राहतो इंदूरला रामबागेत. आमच्या वेळी ट्रेसिंगवर शाईच्या पेनाने काढायचं, चूक झाली की ब्लेडने हलकं खरवडायचं आणि पुन्हा काढायचं. माणसाचा हात कागदावर दिसायचा. माझं ऐकाल तर चार चांगल्या शीट्सचा रोल करा आणि समक्ष जाऊन भेटा. फाइली बघायला कुणाला वेळ आहे?

तिरपी_रेघ
काका, तिथे समक्ष भेट देतच नाहीत, ईमेलवरच मागवतात. मोजपट्टी, नोकरीसाठीच. परवाचा रविवार.

राजवाड्यामागे
मी इथेच इंदूरला लहानशी प्रॅक्टिस करतो, नवीन मुलांच्या फाइली बघतो. माझं स्पष्ट मत: दोन वर्षं काम झालंय ना, मग कॉलेजचं सगळं काढा. कॉलेजात सगळेच नदीकाठी सांस्कृतिक केंद्र काढतात. मला बघायचं असतं की या मुलीला टॉयलेटचं डिटेल येतं का, दार-खिडक्यांचं शेड्यूल येतं का, साइटवर बोलता येतं का.

मोजपट्टी
अजिबात पटलं नाही. मी पुण्यात शिकवते आणि एका ऑफिससाठी मुलाखतीही घेते. दोन वर्षांच्या नोकरीत नव्या माणसाच्या हाती प्लॅन येत नाही, प्लॅन साहेबांचा असतो. मग हिचा स्वतःचा विचार दिसणार कुठे? कॉलेजच्या कामात. फक्त पाच नकोत, दोन बास.
तिरपी_रेघ, एमबी आणि पानं अजून सांगितली नाहीत.

तिरपी_रेघ
सॉरी. १० एमबी, जास्तीत जास्त २० पानं. अहमदाबादची दोन ऑफिसं आहेत, दोघांची अट सारखीच. इनडिझाइनमध्ये केलंय, ए३ आडवं.

राजवाड्यामागे
हे आधी सांगायचं ना! २० पानांत पाच कॉलेजचे आणि दोन वर्षांचं ऑफिस बसतच नाही. निवडावं लागेल.

काळी_माती
फाइलचं मी सांगते, हा त्रास मला झालाय. ऑनलाइन कंप्रेसर फोटो आणि ड्रॉइंग दोन्हीला एकाच मापाने दाबतो, म्हणून रेघा फुटतात. ऑटोकॅडमधून पीडीएफ काढा आणि तीच इनडिझाइनमध्ये प्लेस करा, जेपेग करून नको. रेघ रेघच राहते आणि वजनही फारसं नसतं. फोटो आणि रेंडर मात्र एक्सपोर्ट करताना १५० डीपीआयला आणा. ए३ चं पूर्ण पान १५० ला २४८० बाय १७५४ पिक्सेल होतं, स्क्रीनवर बघायला पुरतं. ३०० ला त्याच पानाचे पिक्सेल चौपट होतात.
एक अपवाद आहे. स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमधून आलेली झाडं आणि दाट हॅच (रेघांनी भरलेला भाग) यांच्या हजारो रेघा असतात. तेवढा भाग उलट इमेज करून टाका. माझ्या फाइलचा निम्मा भार एका साइट प्लॅनमधल्या झाडांचा निघाला होता.

तिरपी_रेघ
झाडं!! माझ्या साइट प्लॅनमध्ये दोनशे तरी असतील. बघते आत्ता.

सुदामानगर_२०बाय५०
नमस्कार मंडळी, इथे आर्किटेक्ट दिसतायत म्हणून विचारतो. माझा २० बाय ५० चा प्लॉट आहे, तोंड पश्चिमेला. जिना ईशान्येला आला तर चालेल का? आणि पुढे गाडीसाठी किती जागा सोडू?

जुना_ओटा
जिना नैऋत्येला घ्या, आणि पुढे गाडीसाठी जागा सोडल्यावर मागेही चार फूट उजेडाला सोडाच. २० फूट रुंदीत दोन्ही बाजू शेजाऱ्याला चिकटल्या तर मधल्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो. आमच्या गल्लीत तेच झालंय.

मोजपट्टी
काका, दादा, कृपा करून वेगळा धागा काढा. हिच्याकडे दोन दिवस आहेत.
तिरपी_रेघ, कॉलेजचे पाच कुठले? एकेका ओळीत.

तिरपी_रेघ
१. पहिल्या वर्षीचं बसस्टॉप. २. नदीकाठी सांस्कृतिक केंद्र (हो, मीही केलंय). ३. गटाने केलेलं, इंदूरच्या अरण्य वस्तीतल्या एका घराचं मेझर ड्रॉइंग, म्हणजे उभं घर मोजून काढलेले नकाशे. ४. शाळा. ५. थीसिस: इंदूरचा सराफा बाजार. दिवसा सोन्याची दुकानं, रात्री त्याच ओट्यांवर खाण्याचे ठेले. शेगडी, सिलिंडर, पाणी, उष्टी भांडी हे सगळं दुकानाच्या शटरसमोर कसं लागावं आणि सकाळी कसं नाहीसं व्हावं, त्यावर.

नर्मदेपार
सराफा! रात्री अकराला भुट्ट्याचा कीस आणि वर गरम जिलबी. मी आता नागपुरात असते, इतकी आठवण आली. मोठ्या पातेल्यात कीस ढवळणारे ते काका अजून बसतात का?

राजवाड्यामागे
बसस्टॉप, केंद्र, शाळा काढा. सराफा ठेवा, हे कुणीही करत नाही. अरण्य काढा, मेझर ड्रॉइंग म्हणजे नक्कल.

मोजपट्टी
अरण्य काढू नका! अहमदाबादला पाठवताय ना? अरण्य आखणारे आर्किटेक्ट बी. व्ही. दोशी, त्यांचं घर आणि ऑफिस अहमदाबादचं, आणि अरण्य इंदूरचं. त्या वस्तीला १९९५ साली वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला आणि दोशींना २०१८ साली प्रित्झकर, हाही वास्तुकलेचाच मोठा पुरस्कार. तिथली माणसं ते पान नक्की थांबून बघतील.

नर्मदेपार
मला वाटायचं ती सगळी घरं दोशींनीच बांधली.

काळी_माती
नाही. नमुन्याची ८० घरं त्यांची. बाकी सुमारे साडेसहा हजार प्लॉट आखले, गरीब कुटुंबांना जोतं, संडास-मोरी, एखादी खोली आणि पाणी-ड्रेनेजची जोडणी दिली. पुढचं ज्याने त्याने पैसा आला तसं चढवलं.
म्हणूनच राजवाड्यामागे यांचं नक्कलवालं म्हणणं पटत नाही. दिलेलं काय आणि घरच्यांनी वाढवलेलं काय, हे दोन रंगांत दाखवलं तर ती नक्कल राहत नाही, तो अभ्यास होतो.

तिरपी_रेघ
तसंच केलंय. आमच्या घरात ओट्यावर एक शिलाई मशीन बसलंय, वर पत्र्याची एक खोली चढलीय, आणि बाहेरचा जिना आता शेजारचेही वापरतात. पण गटाचं काम आहे. माझा वाटा कसा लिहू?

मोजपट्टी
जसा होता तसा. "चार जणींचा गट. सेक्शन आणि जिन्याचं ड्रॉइंग माझं." एवढंच लिहायचं, तोलूनमापून. गटाचं काम एकटीच्या नावावर दिसलं की पुढची पानं मी संशयानेच वाचते.

राजवाड्यामागे
ठीक, अरण्य एक पान. पण ऑफिसचं काय? दोन वर्षांत नक्की केलंत काय? अजून बोलला नाहीत.

तिरपी_रेघ
सांगण्यासारखं फार नाही. दार-खिडक्या, टॉयलेट, कॉर्पोरेशनचे नकाशे. एका बंगल्याचा जिना.

राजवाड्यामागे
जिन्याचं सविस्तर सांगा.

तिरपी_रेघ
बायपासजवळचा बंगला. प्लॅन साहेबांचा, जिन्याचं ड्रॉइंग माझं. पायरी १५० चढ, २५० रुंद. वरच्या स्लॅबचं शटरिंग लागलं होतं, सळ्या बांधत होते. मिस्त्री तात्पुरत्या पायऱ्यांवर उभे राहिले, मला हाक मारली आणि काही न बोलता हात वर केला. हात कोपरात वाकलेलाच होता तरी पंजा बीमच्या पाटीला टेकला. मोजलं तर पायरीपासून १.८५ मीटर. मी प्लॅनमध्ये स्लॅबचं ओपनिंग आखलं होतं, त्या जागी सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढलाच नव्हता. उंच माणसाने रोज डोकं आपटलं असतं. रात्री बसून सेक्शन काढला, बीम दोन पायऱ्या, म्हणजे ५०० मिमी, मागे घेतला. तेवढ्याने दोन पायऱ्यांची उंची सुटली, ३०० मिमी, म्हणजे २.१५ मीटर. स्ट्रक्चरल इंजिनिअरनी सकाळी सळ्या तपासून हो म्हटलं आणि मग स्लॅब पडला. अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो. हे कसं दाखवणार? चूक माझीच होती.

राजवाड्यामागे
हेच दाखवायचं! दोन सेक्शन शेजारी शेजारी, आधीचा आणि नंतरचा, १:२० मापात. खाली चार ओळी. ज्याला स्लॅब पडायच्या आधी चूक सापडते आणि रात्रीत निस्तरता येते, तो माणूस मला हवा असतो.

मोजपट्टी
इथे मी तुमच्याशी सहमत. सराफ्याच्या आधी हे पान घ्या.

कलम_सतरा
थांबा जरा. मी वकिली करतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क नोकरी देणाऱ्याचा, वेगळा करार नसेल तर. ड्रॉइंगवरही तो लागू होतो. परवानगीशिवाय टाकू नका.

राजवाड्यामागे
मग कुठल्याच ज्युनिअरने काही दाखवायचं नाही का? तिने स्वतः नव्याने काढलेला सेक्शन आहे.

कलम_सतरा
नव्याने काढला तरी रचना त्याच कामातली. दाखवू नका असं मी म्हणत नाही, लेखी विचारा म्हणतो. बंगल्याच्या मालकाचं नाव आणि पत्ता काढून, ऑफिसचं नाव देऊन, फक्त दोन सेक्शन. एवढ्याला बहुतेक जण हो म्हणतात. "पोर्टफोलिओत ड्रॉइंग्ज टाकू का" असं मोघम विचारलंत तर नाहीच म्हणणार.

तिरपी_रेघ
मी मोघमच विचारलं होतं. फोनवर.

जुना_ओटा
आणि मुखपृष्ठावर 'आर्किटेक्ट' लिहिलंय का? कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी झाली असेल तरच लिहा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती पदवी नोंदणी असलेल्यालाच लावता येते.

तिरपी_रेघ
झालीय काका, नंबर आलाय. पण पानावर टाकायचा सुचला नव्हता, टाकते.

नर्मदेपार
माणिकबाग पॅलेसही टाका ना, जर्मन आर्किटेक्ट मुथेसियसने यशवंतराव होळकरांसाठी बांधलेला. इंदूरची ओळख आहे.

काळी_माती
ताई, तो हिचा प्रोजेक्ट नाही हो. आणि आत आता केंद्राचं कर खात्याचं ऑफिस आहे, मेझर करायलाही जाता येणार नाही.

तिरपी_रेघ (शनिवार, रात्री)
आधीच्या ऑफिसला नीट ईमेल केली. दोन्ही सेक्शन जोडले, मालकाचं नाव नसेल, ऑफिसचं नाव पानावर असेल असं लिहिलं. दुपारी उत्तर आलं: चालेल, फक्त दर्शनी भागाचा फोटो नको. एवढ्यासाठी महिनाभर झोप गेली होती.
फाइल आता ९.४ एमबी, १८ पानं. झाडं इमेज केली तेव्हाच अर्धी उतरली. क्रम: जिना, सराफा, दार-खिडक्यांचं एक पान, अरण्य, शेवटी हाताने काढलेली दोन पानं, काकांसाठी.
जिन्याच्या पानावर मिस्त्रींचा वर केलेला हात पेन्सिलने काढलाय, पंजा बीमला टेकलेला. फोटो नव्हताच, आठवणीतून काढला. त्यांना फोनवर विचारलं, तर म्हणाले, "काढा ना मॅडम, पण माझा हात सरळ काढा, वाकडा नको." सेक्शनमध्ये तो वाकलेलाच हवा, सरळ काढला तर बीमच्या आरपार जाईल. म्हणून खाली कोपऱ्यात सरळ हाताचं वेगळं छोटं स्केच दिलंय.

सुदामानगर_२०बाय५०
ताई, माझ्या घराचा जिना तुम्हीच काढाल का?

तिरपी_रेघ
सोमवारी निरोप पाठवा दादा. प्लॉटचं माप आणि शेजारच्या घरांच्या भिंती कुठे आहेत ते आधी मोजून ठेवा.