मदत हवी आहे: मोफत स्प्रेडशीट कोर्स, चौथ्या धड्यावर लोक गळतात

रिकामा_सेल
अगदी नवशिक्यांसाठी स्प्रेडशीटचा मोफत कोर्स बनवला आहे. १० धडे. पहिले तीन लोक भराभर करतात, चौथ्यावर (फॉर्म्युला खाली ओढणे आणि डॉलरचं चिन्ह, म्हणजे ओढताना सेलचा पत्ता बदलू नये म्हणून लावतात ते) अडकतात. धडा ३ पूर्ण केलेले २१२, धडा ४ पूर्ण केलेले ५८. व्हिडिओ दोनदा नव्याने रेकॉर्ड केला, फरक काहीच नाही. तिसऱ्यांदा करायला घेतोय, त्याआधी नेमकं काय बदलू ते सांगा. याच आठवड्यात उरकायचंय. "विषयच अवघड आहे" हे सोडून काहीही चालेल.

खडूफळा
कुठलं सॉफ्टवेअर? व्हिडिओ किती मिनिटांचा? लोक व्हिडिओ अर्ध्यात सोडतात की पूर्ण बघून थांबतात? आणि "पूर्ण केलं" असं तुमची साइट कशावरून ठरवते? एवढं कळल्याशिवाय सगळे अंधारात दगड मारणार.

तुकडेबाज
लांब व्हिडिओ असणार, दुसरं काय. धडा तोडा: ओढल्यावर काय होतं, का बिघडतं, डॉलरने काय साधतं. प्रत्येकी चार-पाच मिनिटं, मध्ये एकेक सराव.

रिकामा_सेल
एक्सेल किंवा गूगल शीट्स, ज्याच्याकडे जे असेल ते. व्हिडिओ १४ मिनिटांचा, बहुतेक जण शेवटपर्यंत बघतात. पूर्ण म्हणजे पूर्ण, त्यात काय सांगायचं?

तुकडेबाज
१४! एडेक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटच्या कोर्सेसवर २०१४ मध्ये आलेला अभ्यास आहे, ६९ लाख वेळा व्हिडिओ बघितल्याच्या नोंदींवरचा. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओच लोक नीट बघतात.

आडवाउभा
तो अभ्यास माणूस किती वेळ बघतो ते मोजतो, किती शिकतो ते नाही. आणि इथे लोक शेवटपर्यंत बघतात असं धागाकर्ते स्वतः म्हणताहेत, मग कात्री कशाला?

मला शंका क्रमाची आहे. आधी डॉलर दाखवून मग कारण सांगितलं तर ते पाठांतर होतं. उलट करा. ई१ मध्ये (ई स्तंभ, पहिली ओळ) कराचा दर, बी२पासून खाली रकमा. सी२ मध्ये =बी२*ई१ लिहून खाली ओढायला लावा. पहिली ओळ बरोबर येते, खाली सगळी शून्यं, कारण तिसऱ्या ओळीत त्याचं =बी३*ई२ झालं आणि ई२ रिकामा आहे. (ई२ मध्ये चुकून काही मजकूर असेल तर शून्याऐवजी व्हॅल्यू एरर येते, म्हणून सराव फाइलमध्ये तो सेल खरंच रिकामा ठेवा.) आता सी३ वर डबल क्लिक करून आतला फॉर्म्युला वाचायला सांगा. शून्य का आलं ते माणसाने स्वतः वाचलं की मगच $ई$१.

आणि ई$१ (फक्त ओळ बांधलेली), $ई१ (फक्त स्तंभ बांधलेला) हे अर्धे डॉलर याच धड्यात कोंबले असतील तर काढा. त्यांची खरी गरज दोन्ही दिशांना ओढताना पडते. पाढ्यांचा तक्ता घ्या: =$ए२*बी$१. तो वेगळा धडा.

कोरापान
डॉलर लावायच्या शॉर्टकटसाठी व्हिडिओत "एफ४ दाबा" म्हणता का? फोनवर एफ४ नसतं. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन ही कळ धरून एफ४ लागतं, मॅकवरच्या एक्सेलमध्ये कमांड आणि टी चालतं. नवशिका एफ४ दाबतो, स्क्रीनचा उजेड नाहीतर आवाज बदलतो, आणि त्याला वाटतं आपलंच चुकलं. डॉलर हाताने टाइप करायला शिकवा, शॉर्टकट नंतर. ओढणंही फोनवर वेगळं: सेल निवडून मेन्यूतून फिल किंवा ऑटोफिल.

दशांश
सराव फाइल कुठून आणलीय? कुठून कॉपी केली असेल तर अंक मजकूर म्हणून बसलेले असू शकतात. ओळख: सेलमध्ये डाव्या कडेला चिकटतात. गंमत म्हणजे गुणाकार बरोबर येतो, कारण गुणताना त्यांचा आकडा केला जातो; पण त्याच रकमांना सम (बेरजेचा फॉर्म्युला) लावलं की शून्य. असल्या फाइलवर शिकणारा डॉलरलाच दोष देत बसेल.

गुणपत्रक
शेवटी प्रमाणपत्र द्या, लोक आपोआप पूर्ण करतील.

खडूफळा
@गुणपत्रक, शेवटपर्यंत पोचले तर प्रमाणपत्र ना. चौथ्यावर थांबलेत.

@रिकामा_सेल, "पूर्ण"चा अर्थ अजून सांगितला नाहीत.

पंचांगवाला
अवांतर: आपोआप रूपांतराचा विषय निघालाच आहे तर, एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकायचं. मार्च१, सेप्ट१ वगैरे. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने नावंच बदलली, मार्चएफ१ आणि सेप्टिन१ केली.

रिकामा_सेल
जनुकं राहू द्या हो.

व्हिडिओ बघून खालची चाचणी पास झाली की धडा पूर्ण. ४ प्रश्न, पास व्हायला ८० टक्के. पास झाल्याशिवाय पाचवा धडा उघडत नाही. चाचण्या चौथ्यापासून सुरू होतात, पहिल्या तिनांना नाहीत.

खडूफळा
हे पहिल्या ओळीत हवं होतं! ४ पैकी ३ बरोबर म्हणजे ७५ टक्के. ८० ची अट म्हणजे चारही बरोबर हवेत. तुम्ही नकळत १०० टक्के मागताय, तेही आयुष्यातल्या पहिल्याच चाचणीत. प्रश्न इथे टाका.

रिकामा_सेल
तीन सोपे आहेत. चौथा असा: "दर ई१ मध्ये आहे. सी२ मधला फॉर्म्युला खाली ओढायचा आहे. कोणता बरोबर?" पर्याय: बी२*ई१, बी२*$ई१, बी२*ई$१, बी२*$ई$१. उत्तर शेवटचं.

आडवाउभा
तिसरंही बरोबर आहे. नुसतं खाली ओढताना स्तंभ बदलतच नाही, ओळ बांधली की पुरे. ज्याला विषय खरोखर कळला तो विचार करून ई$१ निवडेल आणि नापास होईल.

खडूफळा
आता व्हिडिओला हात लावू नका. आधी चाचणीचा अहवाल उघडा आणि या प्रश्नाला कुठल्या पर्यायावर किती जण गेले ते बघा. बाकी तीन बरोबर असणारे तिसऱ्या पर्यायावर गर्दी करत असतील तर खोट प्रश्नात आहे, माणसांत नाही. मग एकतर दोन्ही उत्तरं मान्य करा, नाहीतर प्रश्न बदला: रकमा बी आणि सी अशा दोन स्तंभांत, फॉर्म्युला खाली आणि उजवीकडेही ओढायचा. तिथे ई$१ चं एफ$१ होतं, म्हणून $ई$१ एकटंच टिकतं. पासची अट ७५ वर आणा, प्रयत्न हवे तितके द्या आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली तो का चुकला ते एका ओळीत लिहा.

आडवाउभा
अटच काढा ना. मोफत कोर्सला कुलूप कशाला? पाचवा धडा ज्याला बघायचाय त्याला बघू दे.

खडूफळा
पाचव्यात डॉलर लागत असेल तर कुलूप नसलं तरी तो तिथे अडकेलच, फक्त कुठे अडकला ते तुम्हाला दिसणार नाही.

आडवाउभा
दिसेल. पाचव्याला चाचणी आहेच.

रिकामा_सेल
अहवाल बघितला. चौथ्या प्रश्नात चुकलेल्यांपैकी बहुतेक सगळे ई$१ वर. सध्या दोन्ही उत्तरं मान्य केलीत, अट ७५ केली. अडकलेल्यांना पुन्हा बोलवायला मेल कसा लिहू?

तुकडेबाज
"चूक आमच्या प्रश्नात होती, तुमचं उत्तर बरोबर होतं" एवढं लिहा आणि थेट पाचव्या धड्याची लिंक द्या. पण खरंच १४ मिनिटं जास्त आहेत.

नवाकोरा
मी पण शिकतोय. माझ्या शीटमध्ये तारखेच्या जागी ४५२९२ दिसतंय, काय करू?

दशांश
ती १ जानेवारी २०२४ आहे. सेलचं फॉरमॅट तारीख करा. पुढचं वेगळ्या धाग्यावर विचारा.